मुंबई सिटी फुटबॉल क्लब: पुढच्या मोसमात चषक नको, पण हीच पोरं तीन वर्षं एकत्र खेळू देत

नेरुळचा_राजू | ७ सप्टेंबर २०२५, सकाळी ११:४०

मंडळी, काल विसर्जन आटपलं. आज मखराचं सामान माळ्यावर टाकताना २०१४चा आकाशी स्कार्फ हाताला लागला. टोकाला उसवलाय आणि त्याला अजून कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. तो घेऊन बसलो ते बसलोच. महिनाभर मनात घोळतंय ते आता इथे लिहून टाकतो.

१८ ऑक्टोबर २०१४ ला आपण डी. वाय. पाटीलवर पुणे सिटीला ५-० हरवलं, तेव्हा मी मैदानात होतो. आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक, आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग) पहिलीच. आमच्या घरापासून मैदान चालत वीस मिनिटांवर. त्या रात्री घरी परत येईपर्यंत हा संघ माझा झाला होता. पुढच्याच वर्षी गोव्यात ०-७ खाल्ले, तेही पाहिलं. २०१६ ला संघ अंधेरीला गेला, तिथेही जात राहिलो. मग सुखाचे दिवस आले. २०२०-२१ ला शील्ड (साखळीत पहिलं आल्याची) आणि चषक (त्यानंतरच्या बाद फेरीचा) दोन्ही, २०२२-२३ ला पुन्हा शील्ड, आणि ४ मे २०२४ ला सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून पुन्हा चषक.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अर्धा संघ विखुरला. आपुइया मोहन बागानकडे गेला. परेरा दियाझ, नोगुएरा आणि आपला राहुल भेके, तिघेही बेंगळुरूला गेले. मोसमाअखेर आपण सहावे आलो आणि यंदा २९ मार्चला कांतीरवावर त्याच बेंगळुरूने आपल्याला ५-० ने घरी पाठवलं. आता बिपिनही ईस्ट बंगालमध्ये. २०२१ च्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला गोल मारणारा बिपिन! तो गेल्याचा फोटो पाहिला त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यात ११ जुलैपासून लीगच थांबलेली.

तरी मला आशा आहे, आणि ती चषकाची नाही. छांगटे, विक्रम प्रताप, गोलमध्ये फुर्बा. हा कणा हलवू नका. त्याच्याभोवती विशीतली पोरं उभी करा, पहिल्या वर्षी आठवे आलात तरी चालेल, पण तीन वर्षं तीच पोरं एकमेकांबरोबर खेळू देत. पास द्यायच्या आधी समोरचा कुठे धावणार हे ठाऊक असणं, ते विकत मिळत नाही.

तुम्हाला काय वाटतं? तुमची आशा कशात आहे?

---

कोपरीचा_सिद्धेश | ७ सप्टेंबर, दुपारी १२:१५

आधी लीग सुरू होऊ दे. मग आठवे की नववे ते बघू.

---

घणसोली_लोकल | ७ सप्टेंबर, दुपारी १२:५२

राजूदादा, छांगटे आणि विक्रम प्रताप म्हणालात आणि २४ एप्रिल २०२४ ची रात्र डोळ्यांपुढे आली. गोव्याविरुद्धची उपांत्य फेरी, पहिला सामना, गोव्याचं फातोर्डा मैदान. मी ठाण्याहून वाशीकडे येत होतो, दारात उभा, मोबाइल हातात. ट्रेनने घणसोली सोडलं तेव्हा ०-२, नव्वदावं मिनिट. मोबाइल खिशात टाकत होतो तेवढ्यात छांगटेचा गोल. कोपरखैरणे यायच्या आत विक्रमने बरोबरी केली. तुर्भे आलं तेव्हा छांगटेने तिसरा मारला होता! ९० व्या मिनिटापर्यंत शून्य आणि सामना संपताना ३-२. मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचे काका म्हणाले, "नोकरी लागली का रे?" त्यांना सगळं सांगितलं. त्यांना फुटबॉलचं काही नव्हतं, पण उतरताना पाठीवर थाप मारून गेले.

त्या दोघांनी हे केलंय. ते दोघं आहेत तोवर मी आशा सोडणार नाही.

---

घोडबंदर_रेड | ७ सप्टेंबर, दुपारी २:३०

मी मूळचा मँचेस्टर युनायटेडवाला, त्यामुळे "बांधणी" हा शब्द गेली बारा वर्षं ऐकतोय. २०१३ ला फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा आमची वीस विजेतेपदं होती. आजही वीसच आहेत. गेल्या मोसमात ४२ गुण आणि पंधरावा क्रमांक. मोयेस, व्हॅन खाल, मोरिन्यो, सोल्शायर, टेन हाग, मग आमोरिम. प्रत्येक नवा माणूस येतो तो आधीच्याने रचलेलं पाडून पाया खणायला घेतो. खेळाडू कमी पडले असं मला वाटत नाही. एकाच माणसाला एकच आराखडा पुरा करू दिला नाही, हे दुखणं आहे.

उलट आर्सेनल बघा. हे लिहिताना माझा हात जड होतोय, पण खरं ते खरं. आर्टेटा डिसेंबर २०१९ ला आला. आठवे, परत आठवे, मग पाचवे. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यातच लोकांनी त्याला बॅग भरायला लावली असती. त्यांनी थांबायचं ठरवलं आणि गेली तीन वर्षं लागोपाठ दुसरे आलेत.

म्हणून राजू, तुझ्याशी शंभर टक्के सहमत. फक्त "तीच पोरं" याच्या आधी "तोच प्रशिक्षक" असं लिही.

---

वाशी_सेक्टर१७ | ७ सप्टेंबर, दुपारी ३:०५

@घोडबंदर_रेड, प्रशिक्षकाचा मुद्दा मुंबई सिटीला तसाच्या तसा लागू होत नाही. लोबेरा गेले, बकिंगहॅम आले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ते इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेड क्लबला गेले आणि मोसमाच्या मध्यात क्रातकी आले. तरी चेंडू पायात ठेवून खेळायची रीत बदलली नाही आणि तिघांच्याही हातून काहीतरी जिंकलं गेलं. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी ग्रुपने, २०१९ ला ६५ टक्के हिस्सा घेतला त्याचा हा खरा फायदा. माणूस बदलला तरी आराखडा ऑफिसात राहिला.

राजू, तुझ्या यादीवरून एक गोष्ट ध्यानात आली. चारही वेळा शिक्कामोर्तब झालं ते बाहेरच्या मैदानावर. २०२१ ची शील्ड आणि चषक गोव्यात, तेही करोनामुळे रिकाम्या मैदानात. २०२३ ची शील्डही गोव्यातच, ५-३ जिंकून. २०२४ चा चषक कोलकात्यात. शेवटच्या शिट्टीला संघ विजेता झालाय आणि आपण त्याच मैदानात उभे आहोत, हे आपल्या कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. माझी आशा तेवढीच आहे. एकदा घरच्या मैदानावर.

---

कळव्याचा_भाऊ | ७ सप्टेंबर, दुपारी ३:२०

+१. वाचून घशात आवंढा आला.

---

कूपरेज_जुना | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:४५

राजू, तुझी तळमळ समजते, पण जरा मागे जाऊन बोलतो. मी पाचपाखाडीत राहतो, वय एकाहत्तर. वडील मला शाळकरी वयात कूपरेजला रोव्हर्स चषकाचे सामने बघायला न्यायचे. ठाण्याहून व्ही.टी., तिथून फाउंटनवरून चालत. मैदान एवढं जवळ की थ्रो घ्यायला आलेल्या खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसायचा. बुटाचा चेंडूवर बसलेला आवाज छातीत ऐकू यायचा. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, आरसीएफ, हे आमचे संघ. अमुक मिलमधला अमुक फिटर सेंटर हाफ खेळतो, हे आम्हाला पाठ होतं.

मिल बंद झाली की संघ बंद. १८९१ ला सुरू झालेला रोव्हर्स चषक २००० च्या सुमाराला थांबला तो थांबलाच. मग महिंद्र युनायटेड. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली, आम्ही म्हातारे पुन्हा तरुण झालो. चारच वर्षांनी, २०१० ला, संघ बंद करत असल्याची बातमी पेपरात. पुढे मुंबई एफसी. खालिद जमील सात वर्षं त्या संघाला तुटपुंज्या साधनांत वर ठेवत होता. तो गेला, २०१७ ला संघ आय-लीगच्या तळाला जाऊन बाहेर पडला. आणि त्याच मोसमात खालिदने ऐझॉलला विजेतेपद मिळवून दिलं!

मुंबईत संघाची बांधणी कुणी पुरी होऊ देत नाही. संघ जातो, आणि पाच-दहा वर्षांनी नवा संघ नव्या नावाने, नव्या रंगात येतो. त्या प्रत्येक वेळी माझ्यासारख्याने पुन्हा पहिल्यापासून जीव लावायचा. म्हणून तुझ्या तीन वर्षांच्या आराखड्यापेक्षा मला एवढंच हवं आहे की २०३४ लाही हेच नाव आणि हाच रंग असावा. वीस वर्षं टिकलेला एक तरी संघ मला मुंबईत बघायचा आहे.

---

नेरुळचा_राजू | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ७:३०

काका, नमस्कार करतो. मी "पहिल्या दिवसापासूनचा चाहता" म्हणून मिरवतो, पण तुमच्या डोळ्यांसमोर किती संघ आले आणि गेले याचा मी विचारच केला नव्हता.

---

ठाणे_पूर्व_अनघा | ७ सप्टेंबर, रात्री ९:१०

मी दुसरी बाजू मांडते. "हीच पोरं तीन वर्षं ठेवा" म्हणणं सोपं आहे. त्या पोराचं काय? फुटबॉलपटूच्या हातात दहा-बारा वर्षं असतात. त्यातही गुडघा गेला की संपलं. मिझोराम, मणिपूर, सिक्कीममधून आलेल्या मुलाच्या एका पगारावर सगळं घर उभं असतं. लीग थांबली तेव्हा काही क्लबांनी पगारच थांबवले. अशा वेळी जिथून खात्रीची बोली आली तिथे तो गेला, तर आपण जेवण टाकायचं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, जिल्हा पातळीवरची मुलं माझ्याकडे येतात. पंचविशीत घोट्याचं दुसरं ऑपरेशन झालेला मुलगा विचारतो, "मॅडम, दोन वर्षं तरी निघतील ना?" दोन वर्षं म्हणजे त्याच्या बहिणीचं कॉलेज. मला हिशोब तिथून दिसतो.

माझी आशा अशी की क्लबने मुलांना लांबीचे करार द्यावेत आणि ते पाळण्याइतकी लीग भक्कम व्हावी. मग मुलं राहतील, आपण न सांगता.

---

नेरुळचा_राजू | ७ सप्टेंबर, रात्री ९:४०

अनघाताई, बिपिनवर राग नाही हो. वाईट वाटलं. पण तुमचं म्हणणं मान्य. "राहू देत" याऐवजी "राहता येऊ दे" असं लिहायला हवं होतं.

---

कळव्याचा_भाऊ | ७ सप्टेंबर, रात्री १०:२५

थोडं अवांतर. अल हिलालच्या सामन्याला कोण कोण होतं? ६ नोव्हेंबर २०२३, डी. वाय. पाटील. ऑगस्टमध्ये नेमार सौदीच्या अल हिलालला गेला, आठवडाभरात आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये आपल्याच गटात आला. आमचा भाचा, वय वर्षं अकरा, घरात नाचत होता. नेमारचं नाव छापलेला शर्ट घेतला. आणि ऑक्टोबरमध्ये उरुग्वेविरुद्ध नेमारचा गुडघा गेला. दोन दिवस पोराने तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, चल तरी.

सोमवार होता. नेरुळ स्टेशनपासून आकाशी शर्टांची रांगच रांग. रिक्षा सोडून चालत गेलो. रियाधमध्ये ०-६ हरलेलो, त्यामुळे मनाची तयारी होती. पण पहिल्या अर्ध्यात गोल नाही! मध्यंतरानंतर आपला एक माणूस लाल कार्डाने बाहेर गेला आणि मग दोन गोल झाले. शेवटी ०-२. भाचा मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत उभा. घरी येताना म्हणाला, "मामा, नंबर सात कसला पळतो!" नंबर सात म्हणजे छांगटे. पुढच्या वाढदिवसाला छांगटेचा शर्ट मागितला.

मुद्दा असा की सामना आपल्या दारात आला की पोरं आपोआप येतात.

---

ऐरोलीची_मीनल | ८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

भाऊ, आम्हीही होतो त्या सामन्याला, आणि त्याआधी ३० ऑक्टोबर २०२२ ला त्याच मैदानात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला. स्पेन १, कोलंबिया ०. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. घरी येऊन तिने विचारलं, "आई, या ताया कुठल्या शाळेत शिकल्या?" दुसऱ्या आठवड्यात तिला कोचिंगला घातलं.

पुढचं ऐका. पहिल्या कोचिंगवाल्यांनी वर्षाचे पैसे आगाऊ घेतले आणि सात महिन्यांत गाशा गुंडाळला. दुसरीकडे सगळी मुलं, ही एकटी मुलगी, कपडे बदलायला जागा नाही. मी चादर धरून उभी राहायची. आता तिसऱ्या ठिकाणी आहे, तिथले सर मनापासून शिकवतात, पण मैदान नाही. टर्फ तासाला बाराशे, पोरांमध्ये वाटून घेतात. टर्फवर सहा-सात जणांचा खेळ होतो, अकराचा नाही. मुलगी लेफ्ट बॅक आहे आणि पूर्ण लांबीच्या मैदानावर ती आयुष्यात चार वेळा खेळली आहे. पहिल्यांदा खेळली तेव्हा मला म्हणाली, "आई, रेषा दिसतच नाही गं, किती लांब आहे."

यंदा ५ जुलैला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून आशिया चषकाची पात्रता मिळवली. संगीता बासफोरचे दोन गोल. लेक आणि मी सोफ्यावर उड्या मारत होतो.

मुंबई सिटीकडून माझी आशा विचाराल, तर मुलींचा संघ. इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळणारा, याच आकाशी रंगाचा. संघ बांधायलाच घेतलाय तर अर्धाच का बांधायचा?

---

घणसोली_लोकल | ८ सप्टेंबर, सकाळी ९:३०

मीनलताई, दंडवत. खारघरला सिडकोने फुटबॉलचं एवढं चांगलं केंद्र उभं केलंय, पूर्ण मापाची मैदानं आहेत. आपल्या भागातल्या मुलांना आठवड्यातून एक दिवस तिथे खेळायला मिळावं म्हणून सगळ्यांनी मिळून अर्ज द्यायला काय हरकत आहे? मी मसुदा लिहायला तयार आहे.

---

ऐरोलीची_मीनल | ८ सप्टेंबर, सकाळी ९:४४

लिहा. पालकांच्या सह्या मी गोळा करते. चाळीस तरी मिळतील.

---

अंधेरी_मेट्रो | ८ सप्टेंबर, दुपारी १:२०

सगळे नेरुळला सामने मागताहेत म्हणून लिहितो. मी ठाण्याचाच, पण अंधेरीचं मैदान मला आवडतं. डी. वाय. पाटील हे क्रिकेटचं मैदान. छताला खांब नाहीत, कुठूनही आडकाठी न होता दिसतं, हे खरं. पण फुटबॉलची रेषा आणि पहिली रांग यांच्यात केवढं अंतर. पन्नास हजारांच्या मैदानात सहा-सात हजार माणसं बसली तर आवाज हवेत विरतो. तेवढीच माणसं अंधेरीत भरली की समोरच्या गोलकीपरचे कान बधिर होतात. वेस्ट कोस्ट ब्रिगेडचे, म्हणजे आपल्या चाहत्यांच्या गटाचे, ढोल सुरू झाले की अंगावर काटा येतो.

मी ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर असा जातो. पन्नास मिनिटं, फार तर तास. निघताना स्टेशनबाहेर कुंजविहारचा वडापाव.

---

वाशी_सेक्टर१७ | ८ सप्टेंबर, दुपारी १:५०

ठाण्याहून ठीक आहे हो. आम्ही हार्बरने कुर्ला, मग घाटकोपर, मग मेट्रो. साडेसातचा सामना संपवून घरी पोहोचायला पावणेबारा. दुसऱ्या दिवशी सहाला उठायचं असतं. तरी जातो, पण मुलांना नेता येत नाही.

---

कोपरीचा_सिद्धेश | ८ सप्टेंबर, दुपारी २:०२

संघाचं टोपणनाव आयलंडर्स, आणि इथे भांडणारे सगळे खाडीच्या अलीकडचे. 😄

---

कळव्याचा_भाऊ | ८ सप्टेंबर, दुपारी २:१०

कोपरीकर, ठाणेही साष्टी बेटावरच येतं. तुम्ही अधिकृत आयलंडर. आम्ही कळवेकर पाहुणे.

---

कूपरेज_जुना | ९ सप्टेंबर, सकाळी ७:१५

काल रात्री भारत-ओमान सामना कुणी पाहिला का? १-१, मग पेनल्टी, आणि आपण जिंकलो! खालिद जमील राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक होऊन महिनाच झाला आणि पहिल्याच स्पर्धेत तिसरा क्रमांक. कूपरेजच्या कडेला हाताची घडी घालून उभा असायचा तो पोरगा. काल टीव्हीवर दिसला तर उभं राहण्याची ढब तीच.

आणि पेनल्टी मारणाऱ्यांत छांगटे आणि राहुल भेके. दोघांनीही मारल्या. राजू, तुझ्या पहिल्या पोस्टमधलं एक नाव राहिलेल्याचं आणि एक गेलेल्याचं.

---

नेरुळचा_राजू | ९ सप्टेंबर, सकाळी ८:५०

काका, पाहिला. गोलकीपर गुरप्रीतने शेवटची अडवली तेव्हा खालच्या मजल्यावरून काठीने ठोकलं. आज सकाळी जाऊन माफी मागून आलो.

भेके पेनल्टीला निघाला तेव्हा मला रियाध आठवलं. ११ एप्रिल २०२२, इराकचा एअर फोर्स क्लब, आपण मागे होतो, मग बरोबरी, आणि भेकेचा हेडर. २-१. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब, आणि विजयी गोल कुणाचा? मुंबईत वाढलेल्या मुलाचा. याच शहरात तासाच्या हिशोबाने मैदानं मागत मोठी होणारी शेकडो मुलं आहेत, त्यांच्यातला एक.

दोन दिवस सगळ्यांचं वाचतोय. मी सुरुवातीला छांगटे आणि विक्रमचं नाव घेऊन थांबलो होतो. ते राहावेत असं आजही वाटतं. पण मीनलताईंची लेक आयुष्यात चार वेळाच पूर्ण मैदानावर खेळली, हे वाचल्यापासून माझ्या आराखड्यात ते पहिलं आलंय. छांगटेही एक दिवस थांबेल. त्याच्या जागी ऐरोलीची, मुंब्र्याची, उलव्याची पोरं-पोरी यायच्या असतील, तर त्यांना आज अकराचा खेळ खेळायला मिळायला हवा. काकांचं २०३४ ही त्याशिवाय येणार नाही. ज्या संघात शेजारच्या इमारतीतला मुलगा खेळतो तो संघ बंद करणं कुणालाही जड जाईल.

तर @घणसोली_लोकल, मसुदा टाका, सही करतो.

आणि लीग कधीही सुरू होवो, अंधेरी असो की नेरुळ, घरच्या पहिल्या सामन्याला आपण सगळे एकत्र जाऊ. काका, तुम्हाला पाचपाखाडीहून न्यायची आणि परत सोडायची जबाबदारी माझी. गाडी काढतो, ट्रेनची दगदग नको. स्कार्फ शिवून ठेवलाय.

---

कूपरेज_जुना | ९ सप्टेंबर, सकाळी ९:२०

येतो. मात्र बसायचं रेषेजवळ. लांबून मला आता दिसत नाही.

---

ऐरोलीची_मीनल | ९ सप्टेंबर, सकाळी ९:३५

आम्ही दोघी. सह्या आत्तापर्यंत अठरा.

---

कळव्याचा_भाऊ | ९ सप्टेंबर, सकाळी १०:००

मी आणि भाचा, दोन. त्याला छांगटेचा शर्ट आता आखूड होतो, पण तोच घालून येणार म्हणतोय.